सोपं झालेलं अवघड

‘डॉस फॉर डमीज’ हे संगणक शिकवणारं पुस्तक आलं १९९१ साली. गिऱ्हाइकाला मुखपृष्ठावरच मठ्ठ म्हणायचं, वर पैसे घ्यायचे, आणि त्यानंही ते खुशीत घरी न्यायचं! दुसरं टोक संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचं. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’चा पहिला खंड १९६८चा, योजलेले सात, चौथा अजून तुकड्यातुकड्यांनी येतोय. (घाई कुणाला आहे म्हणा!) स्वाध्यायांना ० ते ५० अशी काठिण्याची मोजपट्टी. फर्माचं शेवटचं प्रमेय तिथे ५०वर होतं. साडेतीनशे वर्षांनी अँड्र्यू वाइल्स यांनी ते सिद्ध केलं, तसं कनूथ यांनी ते ४५वर उतरवलं. म्हणजे आता आपल्यालाही जमायला हरकत नाही. सुशिक्षित घरांत दोन्ही पुस्तकं असतात: पाहुण्यांना दिसतील असे कनूथ, मागच्या रांगेत डमीज. तेही निम्मंच वाचलेलं.