मोडमीमांसा

महसुली भाषेत गावाचे दोन भाग असतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पीक काळीत काढायचं आणि भांडण पांढरीत, असा जुना रिवाज. तेव्हा ज्या गावाच्या नावातच पांढर आहे त्या पांढरकवड्यात घराच्या आत पीक घेता येतं काय, हा प्रश्न मी अभ्यासाला घेतला. (गावाचं नाव याच पांढरीवरून पडलं असा माझा दावा नाही. प्रबंधाला कुठूनतरी सुरुवात करावी लागते.) उत्तर होकारार्थी आहे. सातबारा नको, पीककर्ज नको, रात्रीच्या लायनीची वाट पाहणं नको. दोन वाट्या मोट आणि एक फडकं पुरतं.

आधी परिभाषा. आमच्याकडे मटकीला मोट म्हणतात आणि चवळीला बरबटी. पुण्याच्या पाहुण्याला "उद्या मोट आहे" म्हटलं की तो विहीर शोधतो. 'मोड' या शब्दाची अवस्था आणखी नाजूक. एफडी मोडते, लग्न मोडतं, दागिने मोडीत निघतात, पाचशेच्या नोटेची मोड एसटीच्या कंडक्टरकडे कधीच नसते, आणि एक मोड तर फक्त डॉक्टरच्या कानात सांगण्यासारखा. या सगळ्या पडझडीत आनंदाने वाट पाहावी असा मोड एकच. "मोडेन पण वाकणार नाही" हे ज्याने प्रथम म्हटलं त्याने मोट कधी भिजू घातली नसावी. तिचा मोड निघतो तोच वाकडा.

कृतीबाबत दोन संप्रदाय आहेत. अर्वाचीनांकडे मजल्यामजल्यांचा, भोकाभोकांचा प्लास्टिकचा डबा असतो. सनातनी रात्रभर भिजलेली मोट सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधतात आणि गाठोडं चाळणीत ठेवून वर झाकण घालतात. मी सनातनी. फडकं जुन्या धोतराचं, निखळ सुती हवं. टेरिकॉट पाणी धरत नाही. थंडीत गाठोड्याला शाल लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की मात्र संध्याकाळीच मोड डोकावतात. एकच निषेध सर्व संप्रदायांना मान्य आहे : सारखं उघडून पाहू नये. "अहो, सतरा खेपा सोडून पाहून राह्यले, मोड येतीन कसे?" हे आमच्या घरचं सूत्र. त्यावर भाष्य करण्याची माझी हिंमत नाही.

आतमध्ये काय घडतं? दाणा पाणी पितो, फुगतो, झोपलेली विकरं जागी होतात आणि पिठूळ साठ्याची साखर करू लागतात. पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात. लोह अडवून ठेवणारं फायटिक आम्ल घटतं. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व नव्याने तयार होतं. 1940 च्या सुमारास हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्यांना मोड आलेले हरभरे दिले गेले ते याचसाठी. संत्रं नागपूरचं म्हणून गाजतं. हरभऱ्याला कुणी विचारत नाही.

पूर्वपक्षही मांडला पाहिजे. मोडाला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जंतूने पन्नासाहून अधिक माणसं दगावली. माझा स्वतःचा प्रयोग गेल्या मे महिन्यात असाच फसला. लग्नाला गेलो, गाठोडं विसरलो. परतलो तेव्हा वास फाटकापर्यंत आला होता आणि दाण्यांना तार सुटली होती. तेव्हापासून उन्हाळ्यात दोनदा धुणं आणि कच्चं न खाता उसळ करणं, हा आमचा सिद्धांत.

आता गणंगाकडे येतो, कारण प्रबंधाचं मर्म तिथे आहे. गणंग म्हणजे भिजत नाही, शिजत नाही, फक्त दाताखाली सापडतो तो दाणा. त्याच्या सालीतून पाणी आत शिरत नाही. लोक त्याला नाठाळ समजतात. पण रानटी बियाण्यात ही सोय मुद्दाम असते : सगळे दाणे एकाच पावसाला भुलून उगवले आणि मग उघडीप पडली तर वंश संपायचा. म्हणून काही जण थांबतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हा सिद्धांत मी शेजारच्या काकांना ऐकवला. ते अंगणात सोयाबीनची उगवण तपासत होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तर भरले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं. काकांचे चौसष्ट भरले. त्यांनी पुन्हा मोजले. चौसष्टच.

"अन् पाऊस?" मी विचारलं.

"पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याबिगर पेरू नका म्हणतेत. मागच्या साली पहिल्याच पावसाले पेरलं, मंग दुबार पेराव लागलं."

मी घरातून ताटली आणली. उसळ निवडताना सापडलेले सात गणंग तिच्यात होते. काकांनी एक दाणा नखाने दाबून पाहिला. दाणा जागचा हलला नाही.

"हा पहिल्या पावसात उगवत नाही म्हणता?"

"नाही."

त्यांनी सातही दाणे उचलले, बंडीच्या खिशात टाकले आणि गोणपाट पुन्हा गुंडाळायला घेतलं.