नखांना टॉनिक

आमच्या घराण्यात नखं ही वाढवायची किंवा रंगवायची वस्तू नसून वापरायची वस्तू आहे. चष्म्याचा ढिला स्क्रू, नव्या वाटीवरचं चिवट लेबल, सेलोटेपचं हरवलेलं टोक, चहापत्तीच्या डब्याचं घट्ट झाकण, सगळीकडे आमचं नख आधी पोचतं आणि स्क्रूड्रायव्हर वगैरे मंडळी मागाहून येतात. त्यातून आम्ही वालाचं बिरडं खाणारी माणसं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालायचे आणि एकेक दाणा अंगठ्याच्या नखाने असा चिमटायचा की साल सुटलं पाहिजे, डाळिंबी अखंड राहिली पाहिजे आणि मोडालाही धक्का लागता कामा नये. मुलगी बघायला गेल्यावर आमच्याकडच्या बायका तिच्या पत्रिकेआधी तिचे अंगठे बघत असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

त्यामुळे भाची जेव्हा म्हणाली, "मावशी, तुझी नखं फार वीक झालीयेत गं," तेव्हा मला तो थेट कुळाचा अपमान वाटला. पण तिचं अगदीच खोटं नव्हतं. उजव्या अंगठ्याच्या नखाचं टोक पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होतं. साडीवरून हात फिरवला की कुठेतरी धागा अडकायचा आणि मग नवऱ्याला "जरा चष्मा लावून ये" म्हणून हाक मारावी लागायची. भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. फोटोत मावशीचे हात दिसणार, अक्षता टाकताना तर दिसणारच, म्हणून तिने स्वतःबरोबर माझीही अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

पार्लरमधल्या मुलीने माझा हात दिव्याखाली धरला, प्रत्येक नखावर बोट दाबून पाहिलं आणि निदान सांगितलं, "मॅम, कॅल्शियम कम है." हे निदान मला लहानपणापासून माहीत आहे. नखावर पांढरा ठिपका दिसला की आजी म्हणायची बगळ्याने दिला आणि शेजारच्या काकू म्हणायच्या कॅल्शियम कमी. आम्ही पोरं तर आकाशातून बगळ्यांची रांग चालली की दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत ठिपके मागून घेत असू. शास्त्राच्या नजरेने पाहिलं तर आजी आणि काकू यांच्यात फार फरक नाही. नखात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, असतं ते नावापुरतं. नख बनतं केराटिन नावाच्या प्रथिनाचं, आणि त्याचा टणकपणा येतो त्या प्रथिनातल्या गंधकाच्या जोडण्यांमुळे. केस जळल्यावर जो घाणेरडा वास येतो तोही या गंधकाचाच. पांढरे ठिपके बहुतेक वेळा नख उगवत असताना त्याच्या मुळाशी कुठेतरी ठेच लागल्याचे असतात. पण "मॅम, आपको गंधक कम है" असं म्हटल्यावर कोण गिऱ्हाईक खुर्चीत बसेल?

मग मेनूकार्ड आलं. लॅमिनेट केलेलं, उडप्याच्या हॉटेलातल्यापेक्षा लांब. स्ट्रेंथनिंग मॅनिक्युअर, केराटिन नेल रिपेअर, जॅपनीज मॅनिक्युअर, बिल्डर जेल ओव्हरले. प्रत्येकासमोर 'नखांना आतून पोषण' असं काहीतरी लिहिलेलं.

इथे मला एक शंका आली, आणि शंका आली की ती विचारल्याशिवाय राहणं आमच्या स्वभावात नाही. नख मेलेलं असतं ना? बोटावर दिसतं ते नख म्हणजे मेलेल्या पेशींचे एकावर एक चेपून बसलेले थर. जिवंत कारखाना आहे तो बुडाशी, कातडीखाली. नखाच्या मुळाशी जी पांढुरकी चंद्रकोर दिसते तेवढाच त्याचा उघडा भाग. तिथून नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकतं आणि बुडापासून टोकापर्यंत यायला त्याला सहा महिने लागतात. म्हणजे वैशाखातल्या लग्नासाठी माझ्या बोटांच्या टोकांवर जे नख होतं ते ऐन दिवाळीच्या सुमाराला उगवलेलं. त्या वेळी मी काय खाल्लं होतं, तर चकल्या. आता मे महिन्यात वरून कसला लेप लावून त्याला पोषण द्यायचं? मेल्यावर तोंडात तूप घालतात म्हणे, तसला प्रकार. मुलगी हसली आणि म्हणाली, "मॅम, पानी में हाथ डालिए."

पाणी कोमट होतं, वर गुलाबाच्या पाकळ्या तरंगत होत्या. आता गंमत बघा. नख पाणी पितं, फुगतं; वाळलं की आकसतं. हे फुगणं-आकसणं दिवसभर चाललं की थरांना धरून ठेवणारी पकड ढिली पडते आणि नख टोकाशी पापुद्र्याने सुटायला लागतं. माझ्या अंगठ्याचं दुखणं नेमकं हेच होतं. कामाच्या मावशी सुट्टीवर गेल्या की मी भांडी घासते तेव्हा जे होतं, ते इथे पाकळ्या टाकून आणि बिल लावून होत होतं. शिवाय फुगलेल्या नखावर पॉलिश लावलं की नख आकसल्यावर ते तडकतं, म्हणून हल्ली अनेक चांगल्या ठिकाणी हात भिजवणं बंदच केलंय. ही माहिती मी तिथेच दिली. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी आपला हात वाटीतून बाहेर काढला. भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

स्ट्रेंथनिंग मॅनिक्युअरमधली मुख्य चीज म्हणजे हार्डनर, एक पारदर्शक बाटली. या जातीच्या जुन्या आणि दणकट औषधांमध्ये फॉर्मॅल्डिहाइड असतं. सायन्सला गेलेल्यांना ते फॉर्मॅलिनच्या नावाने आठवेल. प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक त्यातच बसलेला असायचा, आणि कडक होता यात वाद नाही. हे रसायन केराटिनचे धागे एकमेकांना आणखी बांधून टाकतं. पहिले काही आठवडे नख खरोखर टणक होतं, बाई खूश. पुढे ते इतकं टणक होतं की वाकायचंच विसरतं, आणि न वाकणारं नख जरा कुठे आपटलं की कडकन मोडतं. मग बाईला वाटतं, अजून अशक्तच आहे, आणि ती आणखी एक हात मारते. चांगलं नख थोडं वाकणारं असावं लागतं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. त्यातून काहींना या फॉर्मॅल्डिहाइडची अॅलर्जी होते, बोटांची कातडी लाल होऊन सोलते. आता पुष्कळ कंपन्या ते न वापरता बाटल्या काढतात; घेताना लेबल वाचायचं एवढंच, आणि लेबल वाचायला नवऱ्याचा चष्मा.

जॅपनीज मॅनिक्युअर मात्र मला आवडलं, प्रामाणिकपणे सांगते. मधमाशांचं मेण असलेली पेस्ट नखावर घासायची आणि मऊ चामड्याच्या पट्टीने चमकवायची. रंग नाही, दिवा नाही, वास नाही. नख गुलाबी चमकतं आणि मेणामुळे आतला ओलावा टिकतो. ताकद-बिकद येत नाही, पण तसा आव असला तरी निरुपद्रवी आहे.

भाचीने घेतलं होतं बिल्डर जेल. हा नखाचा गिलावा. जाड थर लावायचा, दिव्याखाली हात धरायचा, थर घट्ट. गिलावा आहे तोवर आतलं नख मोडत नाही, हे खरं आहे. अडचण तो काढताना येते. तिचा जुना जेल आधी काढायचा होता. अॅसिटोनमध्ये भिजवलेले कापसाचे बोळे दहाही नखांवर ठेवून वर चांदीचा कागद, डब्यात पोळ्या गुंडाळाव्यात तसं एकेक बोट गुंडाळलं. एवढ्यात तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन. उचलणार कशाने? मी उचलून तिच्या कानाशी धरला आणि "हो", "नाही", "बघू" असं एकतर्फी प्रेम पाच मिनिटं ऐकलं. नंतर जे उरलं ते पार्लरवालीने लोखंडी पुशरने खरवडलं. जेलबरोबर नखाचे वरचे थरही पांढरी भुकटी होऊन टेबलावर पडले. भाचीची नखं कागदासारखी पातळ कशाने झाली याचं उत्तर त्या टेबलावर पडलेलं होतं, आणि त्यावरचा उपाय म्हणून आता तिला केराटिन रिपेअर विकलं जात होतं. आधी सोलायचं आणि मग ठिगळ विकायचं, असा बिनभांडवली धंदा मी दुसरा पाहिला नाही.

या सगळ्या गिलाव्यांचा मूळपुरुष दंतवैद्यकातून आला आहे. 1950च्या दशकात फ्रेडरिक स्लॅक नावाच्या एका अमेरिकन दंतवैद्याचं नख मोडलं, आणि त्याने हाताशी असलेल्या दातांच्या अॅक्रिलिकचं नवं नख करून बसवलं. थोडक्यात आजोबांची कवळी आणि नातीचं एक्स्टेंशन एकाच गोत्रातले. नातीला हे सांगू नये.

आणि नखांच्या बाबतीत आपण अमेरिकेचं तोंड का बघावं, जेव्हा आपल्याकडे पुण्याचे श्रीधर चिल्लाल आहेत? 1952 साली, चौदा वर्षांचे असताना शाळेत त्यांच्या हातून एका शिक्षकांचं जपून वाढवलेलं नख मोडलं. शिक्षक बोलले. झालं! त्यांनी डाव्या हाताची नखं 2018पर्यंत कापली नाहीत. पाचांची मिळून लांबी 909.6 सेंटिमीटर झाली, गिनीज बुकात नाव आलं, आणि शेवटी न्यूयॉर्कला जाऊन ती विजेच्या कटरने कापून घेतली. शिक्षकाचं एक वाक्य सहासष्ट वर्षं लक्षात ठेवायचं, हे पुण्याशिवाय कुठे घडणार? पण त्या वजनाने त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला, हेही तितकंच खरं.

माझ्यापुरता निकाल सांगते. नखं आखूड कापली, एकाच दिशेने कानस फिरवली, क्यूटिकल कापू दिली नाही, कारण ती बुडाशी जंतूंना अडवणारी कडी आहे. रोज रात्री खोबरेल तेलाचं बोट. भांडी घासताना रबरी हातमोजे. ते पहिल्यांदा घातले तेव्हा सासूबाईंनी "कुणाचं ऑपरेशन आहे?" विचारलं, पण पापुद्रे सुटायचे थांबले.

एक गोष्ट तेवढी विनोदात काढू नका. नखं सतत तुटत असतील, चमच्यासारखी खोलगट होत असतील तर पार्लरआधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि भाचीसारख्या तुम्हीही बायोटिनच्या गोड गोळ्या चघळत असाल, तर रक्त देताना ते नक्की सांगा. आपल्याला दिवसाला 30-40 मायक्रोग्रॅम पुरतं आणि त्या बाटल्यांवर 10,000 लिहिलेलं असतं. एवढ्या मात्रेने रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. थायरॉइड नसताना आहे असं दिसतं, हार्ट अटॅक आला असताना नाही असं दिसू शकतं; अमेरिकेच्या एफडीएने 2017 सालीच हा इशारा दिलाय. रक्त काढणारा मुलगा आपण होऊन विचारत नाही. तुम्हीच सांगा.