दोन सूर, चार अल्बम

‘जॉज’मधल्या शार्कसाठी जॉन विल्यम्स यांनी मुळात दोनच सूर वापरले. आपल्या हिशेबाने सा आणि कोमल रे. ते त्यांनी पियानोवर वाजवून दाखवले तेव्हा स्पीलबर्गला वाटलं, हा गृहस्थ आपली फिरकी घेतोय. पुढे त्याच संगीताला ऑस्कर मिळालं. ऑस्कर एकदाच मिळतं. अल्बम मात्र पुन्हा पुन्हा काढता येतो, आणि पार्श्वसंगीत जमवणाऱ्या आमच्या जमातीचा सगळा संसार या एका सोयीवर चालतो.

१९७५च्या एलपीवर सिनेमातलं ध्वनिमुद्रण नव्हतंच. विल्यम्सनी अल्बमसाठी तेच संगीत वेगळं वाजवून घेतलं होतं. तुकडे जोडून, काही वाढवून, घरी बसून ऐकायला बरं वाटेल असं. सिनेमात एखादा तुकडा वीस सेकंदांत आटोपतो, कारण पडद्यावर कोणीतरी दार लावून निघून जातं. असले वीस-वीस सेकंद ऐकायला रेकॉर्ड कोण लावणार? हेन्री मॅन्सिनीही अल्बमसाठी पुन्हा वाजवून घेत. शहाणपणाचीच गोष्ट. पण संग्राहकाला शहाणपण नको असतं, त्याला दार लावतानाचं संगीत हवं असतं. पंचवीस वर्षं कुरकुर झाल्यावर २००० साली डेक्काने सिनेमातलं मूळ ध्वनिमुद्रण काढलं. त्याच वर्षी व्हारेझ साराबांदने जोएल मॅक्नीली यांच्या हाताखाली रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून ते नव्याने वाजवून घेतलं. २०१५मध्ये इन्ट्राडाचा दोन सीडींचा संच आला. एका सीडीवर सिनेमातलं संगीत, दुसरीवर जुना एलपी. म्हणजे ज्याच्या नावाने इतकी वर्षं बोटं मोडली, तोही आता आम्हाला स्वच्छ करून हवा होता.

घरचे विचारतात, चारांत फरक काय? फरक आहे. सिनेमातला तो वरच्या पट्टीतला ट्युबा टॉमी जॉन्सनचा. स्कॉटलंडच्या ऑर्केस्ट्रात तो नाही. एवढं सांगितलं की घरचे गप्प बसतात. पटल्यामुळे की कंटाळून, हे मी विचारत नाही.

अमेरिकेत अल्बम एके काळी अर्ध्या तासाचे निघत, त्याला रसिकतेपेक्षा हिशेब जास्त कारणीभूत होता. सिनेमासाठी वाजवलेलं अल्बमवर घ्यायचं तर संघटनेच्या नियमाप्रमाणे वादकांना पुन्हा पैसे द्यावे लागत. नव्वद जणांचा ताफा असला की निर्माता मिनिटं मोजायला लागणारच. पुढे जुन्या संगीताच्या मर्यादित प्रतींसाठी सवलतीचे दर मिळू लागले आणि कपाटांची कुलपं निघाली.

कपाटातून काय निघतं, ते बघण्यासारखं असतं. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच टेपांवरचा चिकट थर हवेतली ओल पिऊन सुटायला लागतो. तशी टेप मशिनवर लावली की ती चिरकते आणि हेडवर तपकिरी राप सोडते. म्हणजे संगीतच खरवडून निघतं. मग तिला पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसवर कित्येक तास भाजतात. कोणी प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये, तर कोणी चक्क फळं वाळवायच्या घरगुती यंत्रात. त्यानंतर थोडे दिवस ती शहाण्यासारखी वाजते, तेवढ्यात नक्कल उतरवून घ्यायची. गच्चीवर कुरडया राखत बसलेल्या आजीइतकाच त्या इंजिनिअरचा जीव टांगणीला लागलेला असतो.

टेप वाचली की जुळवाजुळव. प्रत्येक तुकड्याला नंबर असतो: ‘५एम२’ म्हणजे पाचव्या रिळातला दुसरा. सिनेमात कोणत्या टेकचा कोणता भाग लागला, ते कान देऊन शोधायचं. मध्येच एखाद्या वादकाची खुर्ची करकरते. ती करकर पुसायची की ठेवायची? आमच्यापैकी निम्मे म्हणतात पुसा, निम्मे म्हणतात हात लावाल तर याद राखा. आणि क्रम सिनेमाचा ठेवायचा की ऐकण्याचा? जेरी गोल्डस्मिथ आपले अल्बम आटोपशीर, सिनेमाचा क्रम मोडून लावत. मला विचाराल तर गोल्डस्मिथचं बरोबर होतं. ऐकताना मी त्यांचाच छोटा अल्बम लावतो. विकत मात्र मोठा घेतो.

आपल्याकडे हा छंद फारसा रुजला नाही. अमेरिकेत ‘जॉज’चा एलपी आला त्याच १९७५मध्ये इथे ‘शोले’ आला, आणि पॉलिडॉरने काढलेली त्याची जी रेकॉर्ड घराघरांत गेली ती संवादांची. गब्बर लोकांना तोंडपाठ झाला; त्याच्या मागे वाजणारं ते अंगावर काटा आणणारं काय होतं, हे विचारायला कोणाला सवड होती?

म्हणून माझा डोळा ‘सैराट’वर आहे. अजय-अतुल यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला तो लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्टेजवर. पूर्वी ते एमजीएमचं होतं. त्याच एमजीएमने पुढे आपल्या स्वरलिपींचे गठ्ठे भराव घालायला फेकून दिले. ‘सैराट’ची सत्रं कुठल्या तरी हार्डडिस्कवर असणार, वाया गेलेल्या टेकसकट आणि करकरणाऱ्या खुर्चीसकट. कोणीतरी ती वेळेवर बाहेर काढावीत. हार्डडिस्क बंद पडली की भाजून उपयोग नसतो.