फिरतं बिऱ्हाड, सरकारमान्य

महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि जळगावच्या आमच्या एका निवृत्त तात्यांच्या पायाला भिंगरी लागली. नवी कॅराव्हॅन पेन्शनीत बसेना, म्हणून त्यांनी जुनी शोधली. सापडली ती एमएच-18, म्हणजे धुळ्याचं पासिंग. गाडी मूळची शाळेची मिनीबस. बाहेर ताजा रंग, आत सनमायकाचा ओटा, दोन बर्थ आणि मागे संडास. त्याच्या दारावर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरं अजून शाबूत होती.

"एकहाती गाडी आहे, तात्या," विकणाऱ्याने शपथ घेतली. त्या एका हाताने पलंग ठोकला, नळ बसवले, फक्त आरसी बुकाला हात लावला नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की गाडीत मनाला येईल तसे फेरफार करता येत नाहीत. कागदावर बस आणि आत बेडरूम, हे आरटीओला समजावून सांगायचं काम तात्यांच्या वाट्याला आलं. एजंटाने दर सांगितला, तेव्हा संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग त्यांना प्रथमच आठवला. पण बयाणा देऊन झाला होता.

मग हंगामापुरती जागा. खान्देशात हंगाम म्हणजे हिवाळाच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की पत्र्याच्या गाडीत माणूस राहत नाही, शिजतो. त्यामुळे अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी बोरीच्या पात्रात उतरायचा बेत काकूंनी जागीच मोडला. मार्गशीर्षात सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, म्हणून तात्या तापीकाठी गेले. तिथे घोड्याला जागा मिळते, कारण तो विकायला आलेला असतो. दोघा व्यापाऱ्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, टायरला लाथ मारली आणि भाव विचारला. सगळ्या प्रवासात तात्यांना खरा मोह पडला तो इथेच.

शेवटी भरीत पार्टीच्या दिवसांत एका ओळखीच्या मळ्यात ते पोचले. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी तडतडत होती, बडगीत मिरची-लसूण ठेचला जात होता. मळेवाल्या आबांनी गाडीला एक फेरी मारली.

"हाई गाडी शे का घर?"

"दोन्ही, आबा."

"मग हाई टाकी कोठे रिकामी करशी, भो?"

धोरणाच्या एवढ्या चर्चा झाल्या, पण इतका मुद्द्याचा प्रश्न तात्यांना कोणी विचारला नव्हता. वांगी संपली, प्रश्न तसाच राहिला, आणि उजाडायच्या आत गाडी हलवायचं ठरलं.

बांधापलीकडे साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचा वाडा उतरला होता. घोड्यावरून उतरवलेली खाट, तिच्या पायाला बांधलेलं कोकरू, तीन दगडांची चूल आणि जाळीच्या आत मेंढरं. त्यांना कोणी हलवत नव्हतं. उलट आबाच "अजून दोन रात्री बसवा" म्हणून गळ घालत होते. मेंढ्या शेतात बसल्या की लेंडीखत पडतं, आणि त्यासाठी शेतकरी धान्य देतो, नाहीतर रोख. म्हणजे मुक्कामाचं भाडं तात्यांनी द्यायचं आणि ठेलाऱ्याने घ्यायचं! टाकी दोघांचीही भरते. मागणी मात्र एकाच मालाला आहे.

पण हा सन्मान बांधाच्या आतच. कुरणात मेंढी शिरली की दंड, आणि चराईला जागा मागायची तर धुळ्याला मोर्चा काढायचा. पिढ्यान्‌पिढ्या हंगामी मुक्कामावर जगणाऱ्या या माणसांचा समावेश पर्यटनात होत नाही, कारण कॅराव्हॅनमध्ये लागतात सोफा-कम-बेड, फ्रीज आणि स्वच्छतागृह. हे असलं की मुक्काम म्हणजे पर्यटन आणि त्याला सवलत. नसलं की मुक्काम म्हणजे अतिक्रमण आणि त्याला नोटीस.

म्हणून शासनाला एक नम्र सूचना. चराईचा प्रश्न सोडवायला नवी समिती नेमू नये. ठेलाऱ्यांना वाड्यामागे एकेक फ्रीज द्यावा. चालू नसला तरी हरकत नाही. तात्यांचाही बंदच आहे. खाटेशेजारी तो उभा राहिला की मेंढरांसह सगळा वाडा पर्यटक ठरेल, आणि कुरणाचं फाटक उघडायला साहेब स्वतः हार घेऊन येतील.