पावतीवाले अप्पा

अप्पांनी आयुष्यात फुकट गाणं ऐकलेलं नाही. रेडिओसुद्धा ऐकला तो दरवर्षी पोस्टात लायसन्सचे पैसे भरून. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली वस्तू या यंत्रातून त्या यंत्रात न्यायला दुसऱ्या कुणाची परवानगी लागते, हे त्यांना कळतं. फक्त पटत नाही.

घरात नवा फोन आला की काकू देवापुढे ठेवतात आणि अप्पा वही काढतात. वहीत रकाने: वस्तू, पावती क्रमांक, कशावर चालते, कशावर चालत नाही. शेवटचा रकाना सर्वांत रुंद आखलेला आहे.

मुलगा न्यू जर्सीहून डीव्हीड्या घेऊन आला, तेव्हा तो रकाना पहिल्यांदा भरला. अमेरिकेची डीव्हीडी रिजन 1, आपण रिजन 5. घरच्या प्लेअरने तोंड फिरवलं. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रिजन बदलता येतो, पण पाचच वेळा. त्यानंतर जो असेल तो कायमचा. अप्पांनी इकडून तिकडे, तिकडून इकडे असे चार बदल खर्च केले आणि पाचवा गंगाजलाच्या गडूसारखा राखून ठेवला. त्या डीव्हीड्या अजून तशाच आहेत. त्यातला एक सिनेमा काकूंनी भाच्याच्या पेनड्राइव्हवरून केव्हाच पाहिला. "अहो, शेवट काही खास नाही," म्हणाल्या.

ई-पुस्तकांनी तर अप्पांना पुरतं छळलं. प्रत्येक पुस्तकाच्या 33व्या पानावर सही करायची त्यांची जुनी सवय. पडद्यावर कुठे करणार? त्यात शर्ती वाचल्या. (त्या शेवटपर्यंत वाचणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.) पुस्तक विकलेलं नसून वाचायचा परवाना दिलेला आहे, असं तिथे सरळ लिहिलेलं. 2009च्या जुलैत ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ऑर्वेलचं '1984' काढून घेतलं होतं. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत दिले, माफीही मागितली. "दुसरं कुठलंही पुस्तक न्यायचं होतं हो," अप्पा म्हणतात, "नेमकं तेच?"

किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने न्यायची सोय 2025च्या फेब्रुवारीत बंद झाली. आदल्या रात्री अप्पा जागून एकेक पुस्तक उतरवत बसले. एकगठ्ठा उतरवायची सोय नव्हतीच. पहाटे सगळी उतरली. पण कुलूपही सोबत उतरलं: ज्या किंडलच्या नावाने घेतली त्याच्यावरच ती उघडणार.

"मामा, दोन मिनिटांचं काम आहे, कुलूप काढून देतो," भाचा म्हणाला.

अप्पांनी कॉपीराइट कायदा पुढे ठेवला. 2012च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ: हक्कभंगाच्या इराद्याने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

"पण मामा, तुमचा इरादा फक्त वाचायचा आहे ना?"

"तो फौजदाराला कोण पटवणार? तू?"

खरं तर याच कायद्यात खाजगी वापराला सवलत आहे आणि 65अमध्ये इराद्यालाच महत्त्व आहे, हे अप्पांना तोंडपाठ आहे. तरी कुलपाला हात लावायचा नाही. पैसे देऊन, नियम पाळून, वर अडकून पडायचं आणि त्याची नोंद ठेवायची, यात त्यांना जे सुख आहे ते वाचनात नसावं, असा माझा पक्का संशय आहे.

मागच्या दिवाळीत त्यांनी मृत्युपत्र केलं. यादीत 'ई-पुस्तके' अशी एक ओळ होती. परवाना हस्तांतरित करता येत नाही, असं सांगून वकिलांनी ती खोडली. वाद घालणं तर दूरच, आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखे अप्पा खूश झाले आणि त्या जागी त्यांनी भाच्याच्या नावे वही लिहून दिली. ती त्याला मिळायला कायद्याची काहीच अडचण नाही.