चळवळे आप्पा

पुणे–सोलापूर रस्त्यानं भिगवण मागं टाकून इंदापूरकडे निघालं की वाटेत लोणी देवकर लागतं. इथं एक आप्पा राहतात. तसा हा आप्पा पळसदेवलाही भेटेल आणि बारामतीत तर एका पेठेत दोन सापडतील, पण आमचा नमुना जरा जास्त पिकलेला आहे. ओळखायची खूण सोपी आहे. खांद्याला शबनम, शबनममध्ये माहिती अधिकाराचे कोरे अर्ज, त्यांना लावायची दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं आणि सगळ्यात तळाशी वहिनींनी सकाळी दिलेली किराणा मालाची यादी. अर्ज आणि तिकिटं संध्याकाळपर्यंत संपतात. यादी जशीच्या तशी घरी परत येते.

माणूस उगाच असा झालेला नाही. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमाकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून डोकं वर काढतं. आप्पांच्या वडिलांची काळी जमीन मात्र कधीच वर आली नाही. पुनर्वसनाचे कागद पिशवीत घालून म्हाताऱ्यानं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. वारसाहक्कात आप्पांना थोडं माळरान आणि ती पिशवी मिळाली. माळरानावर त्यांनी ऊस केला आणि पिशवीतून चळवळ काढली. उसाला निदान वर्षातून एकदा तोडणी असते.

आता घरातलं. आप्पांच्या घरात लोकशाही आहे. ती त्यांनी स्वतः आणली आणि आता त्यांनाच जड जाते आहे.

सकाळी सातची वेळ. आप्पा धाकट्याला म्हणतात, "बाळा, म्हशीला वैरण टाक." धाकटा सातवीत आहे. अंथरुणातूनच उत्तर येतं, "आप्पा, बालमजुरी." दुसऱ्या कुठल्या घरात यावर पायताण उडालं असतं. आप्पा फळीवरून कायद्याचं पुस्तक काढतात आणि चष्मा लावून समजावतात, "२०१६ ची दुरुस्ती आहे. चौदा वर्षांखालच्या मुलानं शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावला तर चालतं."

"शाळा सुटल्यावर ना? आत्ता तर भरायचीय."

आप्पा निरुत्तर होऊन पान उलटतात. तोवर वहिनींनी वैरण टाकलेली असते, धार काढलेली असते, डेअरीला दूध घालून फॅटची पावती पदराला बांधलेली असते. त्यांच्यासाठी त्या पुस्तकात कलम सापडलेलं नाही. आप्पांनी शोधलंही नव्हतं म्हणा.

एकदा मात्र आप्पांचा हात उठला होता. थोरली अकरावीत आहे. ती मध्ये पडली आणि म्हणाली, "कलम सतरा." शिक्षणहक्क कायद्याचं हे कलम, मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. तिला ते आप्पांनीच पाठ करून घेतलं होतं, भाषण स्पर्धेसाठी. "ते शाळेला लागू आहे," आप्पा म्हणाले. "म्हणजे शाळेत मारलं तर गुन्हा आणि घरात मारलं तर संस्कार?" आप्पांचा हात हवेतच थांबला, मग त्यांनी त्यानं डोकं खाजवलं.

आळीतले लोक म्हणतात, आप्पांनी पोरं वाया घालवली. मला तसं वाटत नाही. बापाला तोंडावर विचारणारी पोरं ज्या घरात आहेत तिथं बापानं काहीतरी बरं केलेलं असतं. ते त्याला सोसत नाही, ही गोष्ट वेगळी.

आप्पांचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटली की. बीडकडून टोळ्या येतात आणि रानाकडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत दोघांनी तोडायचं. कोपीत मागं राहतं ते आठ-नऊ वर्षांचं पोर आणि त्याच्या कडेवर त्याहून धाकटं. हिवाळ्यात पुण्याच्या गाड्या भिगवणला रोहित पक्षी बघायला येतात, गळ्यात दुर्बिणी अडकवून. स्थलांतर करून आलेले पक्षी त्यांना बरोबर दिसतात, वाटेतल्या कोप्या दिसत नाहीत. आप्पा अशा गाड्या चहाच्या टपरीवर गाठून ही गोष्ट ऐकवतात. पाहुणे चहा अर्धा टाकून निघतात.

तोडकऱ्यांच्या बाया वाढ्याच्या पेंढ्या विकायला येतात. सगळा गाव घासाघीस करतो, आप्पांच्या दारात मात्र त्याला बंदी आहे. "श्रमाचा मोबदला आहे, सांगेल तो भाव द्यायचा," असं म्हणून ते आत हाक मारतात, "अगं, पैसे आण गं." न्याय आप्पांचा असतो आणि पैसे दुधाचे.

गेल्या हंगामात त्यांनी कोपीतल्या एका पोराला शाळेत बसवायचं मनावर घेतलं. कागद नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं, गाव सोडून आलेल्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. शाळेनंही लगेच घेतलं. अडलं ते दप्तरावर. आप्पा घरी आले, खुंटीवरचं दप्तर काढलं, पुस्तकं खाटेवर ओतली आणि दप्तर घेऊन गेले. दप्तर धाकट्याचं. नवं. दोन चेनचं, पाण्याच्या बाटलीला बाजूला जाळी असलेलं.

संध्याकाळी घरात खटला उभा राहिला. धाकटा रडत नव्हता, हेच जास्त भीतिदायक होतं. "मला विचारलं का?" एवढंच त्यानं पुन्हापुन्हा विचारलं. आप्पांनी विषमतेवर बोलायला सुरुवात केली. थोरलीनं अडवलं, "आप्पा, द्यायचंच होतं तर तुमची शबनम द्यायची."

"त्यात कागद असतात."

"दप्तरात काय असतं?"

वहिनी भाकरी थापत होत्या. एकदा हसल्या आणि थापत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटा दप्तर परत आणायला सायकल मारत कोप्यांवर गेला. आला तो अंधार पडल्यावर, हात हलवत, शर्ट मातीनं माखलेला. त्या पोरानं म्हणे त्याचा तीनदा त्रिफळा उडवला होता, तेही उसाच्या कांड्या स्टंप म्हणून रोवून. "दप्तर राहू दे त्याच्याकडं," धाकटा म्हणाला, "पण तो शाळेत आला पाहिजे. आम्हाला बॉलर नाही." तेव्हापासून हा रोज सकाळी वाट वाकडी करून कोपीवर जायचा आणि त्याला डबलसीट घेऊन शाळेत पोचायचा. त्याची धाकटी बहीण थोरलीनं अंगणवाडीत बसवून दिली. आप्पा सगळ्यांना सांगत फिरले, माझा मुलगा बालरक्षक झाला. मुलगा म्हणायचा, रविवारी न्हावी गावाशी मॅच आहे.

थोरलीचं प्रकरण जास्त खोल गेलं. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायचा सरकारी निर्णय झाला. थोरली त्याआधीची, पण तिनं आपल्या सगळ्या वह्यांवर आईचं नाव घातलं. आप्पा खूश. वहीचा फोटो काढून चार ग्रुपवर टाकला. मग पोरीनं विचारलं, "आप्पा, वहीवर झालं. सातबाऱ्यावर कधी?"

पूर्वी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला होता, बायकोच्या नावानं जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं होतं. आप्पा तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले. त्या सभांच्या गोष्टी ते आजही रंगवून सांगतात आणि दुसऱ्यांना अर्जही लिहून देतात. स्वतःचा अर्ज "एकदा निवांत बसून" करायचा होता.

२६ जानेवारीची ग्रामसभा आली. तिच्याआधी महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर भरते. आप्पांनी हट्ट धरला की ती खरोखर भरली पाहिजे, आणि बायकांना घरोघर जाऊन सांगितलं. आपल्या घरीही सांगितलं. वहिनी गेल्या. दुपारभर बायका तिथं काय बोलल्या ते वहिनींनी घरी सांगितलं नाही आणि आप्पांनी कामाच्या गडबडीत विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत आप्पा उठले. सातबाऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याची मोहीम गावानं घ्यावी, असा ठराव त्यांनी मांडला. फुले आले, आंबेडकर आले, हिंदू कोड बिल आलं. ग्रामसेवकानं पेन उचललं आणि विचारलं, "अनुमोदन कोण देतंय?"

बायकांच्या बाजूनं वहिनी उभ्या राहिल्या. "मी देते. पण सूचक म्हणून ह्यांचं नाव लिहायच्या आधी त्यांच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, तेवढं वाचून दाखवा."

सभेत आधी शांतता, मग मागच्या बाकांवरून शिट्ट्या. आप्पांनी चष्मा पुसला. "सूचना रास्त आहे," ते म्हणाले. "फक्त कागद गोळा करायला थोडा वेळ लागंल. उतारा, आधार, फोटो..."

वहिनींनी पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढून टेबलावर ठेवली. उतारा, दोघांचं आधार, फोटो, सगळं क्रमानं लावलेलं. वर अर्ज होता, थोरलीच्या अक्षरात, दहा रुपयांचं तिकीटसुद्धा लावून.

"ते तिकीट माझ्या शबनममधलं आहे," आप्पा म्हणाले.

"व्हय," वहिनी म्हणाल्या, "यादीच्या वरच होतं. सही करा, मला धारंला जायचंय."