फासेपंत

फासेपंतांबरोबर हॉटेलात जाऊ नये. मेनूकार्ड उघडायच्या आधी ते शर्टाच्या खिशातून दहा बाजूंचे दोन फासे काढतात, एक दशकाचा, एक एककाचा, आणि वेटरला विचारतात, "मिसळ तिखट असण्याची शक्यता किती? बरीच, की निम्मीनिम्मी?" वेटर सांगतो, "साहेब, तिखटच आहे." पण पंतांना त्याच्याकडून फक्त शक्यता हवी असते. फासे टेबलावरून घरंगळतात, एक शेजारच्या टेबलाखाली जातो, तिथल्या बाई पाय वर घेतात आणि पंत तिथूनच, वाकल्या वाकल्या, जाहीर करतात, "त्रेचाळीस! पण गोंधळ सहावर गेला."

हा गोंधळाचा आकडा काय ते कळल्याशिवाय पंतांशी बोलता येत नाही. पंत एकट्याने रोल-प्लेइंग खेळ खेळतात. मूळ खेळ चारपाच जणांचा. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तिथून हे वेड पसरलं. पुढच्याच वर्षी गायगॅक्सने एकट्याने खेळायचे तक्तेही छापले; म्हणजे कुणाशी वेळ न जुळणारी माणसं तेव्हाही होतीच. गोष्ट चालवणाऱ्याच्या जागी फासे आले. पंतांची पोथी म्हणजे टाना पिजन यांची 'मिथिक' नावाची पद्धत. 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा, शक्यता ठरवायची, शंभरातला आकडा पाडायचा आणि तक्ता बघायचा. शिवाय गोष्टीत किती गोंधळ माजलाय त्याचा एक आकडा, एक ते नऊ. सुरुवात पाचावर. प्रसंग नायकाच्या हातात राहिला तर एकाने उतरतो, हाताबाहेर गेला तर एकाने चढतो. आणि गोंधळ जितका जास्त, तितकं 'हो' येणं सोपं.

खेळात हे सगळं ठीक. पंत तो आकडा दिवसभर चालवतात. सासूबाई राहायला आल्या की "गोंधळ सात". लोकल उशिरा, "आठ". मुलाचा दहावीचा निकाल लागला म्हणून आम्ही पेढे खायला गेलो, तर पंत दारातच म्हणाले, "ब्याण्णव टक्के. गोंधळ चारवर आला." सोसायटीच्या वार्षिक सभेत तर ते वही घेऊनच कोपऱ्यात बसतात. गेल्या सभेत पार्किंगवरून सुरुवात झाली, पाण्याच्या टाकीपाशी आवाज चढले आणि गच्चीच्या गळतीपर्यंत खुर्च्या सरकल्या. पंत माझ्या कानात म्हणाले, "नऊ. आता काहीही मंजूर होईल." आणि झालंच! लिफ्टचं वर्षानुवर्षं रखडलेलं कंत्राट कुणी कोटेशनही न वाचता टाळ्यांच्या गजरात मंजूर. हल्ली टीव्हीवर मोठ्या सभागृहांचं कामकाज बघतानाही मला तोच तक्ता आठवतो.

पंतांच्या आई सिंधुदुर्गातल्या. त्यांना यात काही नवल वाटत नाही. "देवाक कौल लावतत तसाच ह्या," त्या म्हणतात, "फकत नारळ नाय." एक फरक त्या माउली सांगत नाहीत. मनाजोगा कौल पडला नाही की माणसं प्रश्न फिरवून पुन्हा लावतात. पंत ते करत नाहीत. पडलं ते पडलं.

त्यापायी एकदा बैल फितूर झाला. पंतांनी मराठीत दोन याद्या केल्यात, एक कृतींची, एक विषयांची. दोन्हींवर फासे टाकायचे आणि जी जोडी निघेल तिच्यातून पुढचा प्रसंग रचायचा. त्यांचा नायक बैलगाडीत धान्याच्या पोत्यांखाली गुप्त पत्र लपवून किल्ल्याकडे निघाला होता. फाशांनी दिलं, 'दगाफटका' आणि 'जनावर'. झालं, पंत बेचैन. लिफ्टमध्ये मला गाठून म्हणाले, "बैल फितूर कसा होईल हो?" मी म्हटलं, "पुन्हा टाका की." त्यावर मी चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एका रात्री, झोप लागता लागता, फोन. "सापडलं! बैल बाजारातून विकत घेतलेला. त्याचा आधीचा मालक शत्रूकडचा गढीवाला. गाडीवानाला डुलकी लागली आणि बैल सवयीने जुन्या गोठ्याची वाट चालू लागला. पहाटे नायक डोळे उघडतो, तर गाडी शत्रूच्या अंगणात!"

"गोंधळ?" मी विचारलं.

"आठ!" पंत हर्षाने ओरडले. त्यांना शिव्या घालत मी फोन ठेवला आणि त्या अंगणातून नायक सुटणार कसा, याचा विचार करत बराच वेळ जागा राहिलो.

पंत मुळात एकटे खेळणारे नव्हेत. कॉलेजात चौघं होते. आता एक टोरांटोला, एक बंगळुरूला आणि एक हिंजवडीला, म्हणजे डोंबिवलीहून भेटायला तिघांत सर्वांत कठीण. दर शनिवारचा खेळ आधी महिन्यावर गेला, मग दिवाळीवर, आणि आता व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाचे केक तेवढे येतात. परवा पंतांनी मला वही वाचायला दिली. नायकाबरोबर तीन सोबती आहेत. एक प्रत्येक मोहिमेला उशिरा पोचतो, एक खर्चाचा पैन् पैचा हिशोब मागतो, एक स्वतःच्या विनोदावर आधी स्वतःच हसतो. तिघांनाही मी ओळखलं. एका गणपतीत ते पंतांकडे जेवायला होते.

"पंत," मी म्हटलं, "बैल फितूर होतो, राजा मरतो, किल्ला पडतो. यांतला कुणी सोडून जाईल का, हे कधी फाशांना विचारलंत?"

"तो प्रश्न मी टाकत नाही," पंत म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

मला हा माणूस अजूनही लिफ्टमध्ये नको असतो. पण आपण बाकीचे उत्तर आधी ठरवून मग ज्योतिषाला, डॉक्टरला आणि पोटच्या पोराला प्रश्न विचारत असतो. एका प्रश्नाचा अपवाद सोडला, तर आलेलं दान मुकाट घेऊन त्याची गोष्ट करणारा माझ्या ओळखीत हा एकच आहे. तुमच्या इमारतीतही असा कुणी असेल, तर एखाद्या शनिवारी रात्री त्याच्याकडे जा. आणि जाताना आणखी दोघांना घेऊन जा. हा खेळ मुळात चौघांचा आहे.